शुक्रवारची फर्माईश

लॉन्ड्री मोठी होती. शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे गाड्या भरभरून तिथे यायचे. मागे धुलाईची यंत्रं, मधे वाळवणीची, आणि रस्त्याच्या बाजूला इस्त्रीखाना. तिथे लांब टेबलांशी बायका उभ्या असत. वाफेनं सगळ्यांचे चेहरे कायम नुकतेच धुतल्यासारखे दिसत. कपाटावर एक रेडिओ होता. त्याचं बटण फक्त मोठ्या बाई फिरवायच्या. त्या इस्त्रीखान्याच्या प्रमुख, वयानंही सगळ्यांत मोठ्या, आणि जुन्या हिंदी गाण्यांपुढे त्यांना दुसरं काही चालत नसे.

"नवीन गाणी लावा की हो एखाद दिवशी," चिमणी म्हणायची. ती सगळ्यांत लहान आणि दिवसभर चिवचिव करणारी.

"लावते ना. मी मेल्यावर," मोठ्या बाई म्हणायच्या आणि विषय संपायचा.

खरं तर चिमणीलाही ती सगळी गाणी पाठ होती. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची. पण वडील दाढी करताना गुणगुणायचे, ती तशीच तिच्या तोंडात बसली होती.

खिडकीजवळच्या टेबलाशी अबोली असायची. कामाला लागली तेव्हा तिनं दुसरंच काहीतरी नाव सांगितलं होतं, पण त्या नावानं हाक मारली की ती पटकन वळत नसे. "अगं, स्वतःचं नाव विसरलीस की काय?" असं चिमणी एकदा हसत म्हणाली, तेव्हा ती इतकी दचकली की मोठ्या बाईंनीच विषय बदलला. फारसं बोलत नाही, तर अबोली म्हणू या, असं त्यांनीच ठरवलं. ती हाक मात्र तिनं लगेच घेतली.

दुपारच्या जेवणानंतर रेडिओवर फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. श्रोते फोन करायचे, आपली आठवण सांगायचे, मग निवेदक ते गाणं लावायचा. निवेदकाचा आवाज असा गुळगुळीत की चिमणी म्हणायची, "हा माणूस सकाळी तेलानं गुळण्या करतो."

एका शुक्रवारी निवेदकानं फोन घेतला आणि पलीकडून एक पुरुष बोलायला लागला. खोल, स्वच्छ, जरासा थकलेला आवाज.

"माझी बायको घरातून निघून गेलीय," तो म्हणाला. "रुसली आहे माझ्यावर. चूक माझीच असणार. ती कुठे आहे मला माहीत नाही, पण ती जुनी गाणी ऐकल्याशिवाय राहू शकत नाही. तेव्हा ती ऐकत असेल. हे गाणं तिच्यासाठी लावा."

गाणं सुरू झालं. आधी नुसती बासरी, मग व्हायोलिनं, आणि मग तो बाईचा आवाज, जणू नावेत बसून लांब लांब जाणारा. संध्याकाळ, पाणी, वाट बघणारं कुणीतरी. इस्त्रीखान्यात सगळ्यांचे हात मंदावले.

"काय प्रेम आहे गं बाई," कुणीतरी म्हणालं.

मग जळका वास आला. अबोलीची इस्त्री चादरीवर तशीच टेकलेली होती आणि ती रेडिओकडे बघत होती. चादरीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उठला होता.

"अगं ए!" मोठ्या बाई धावल्या. "लक्ष कुठे आहे?"

"चक्कर आली," अबोली म्हणाली. ते खोटं नव्हतं.

तो आवाज तिच्या नवऱ्याचा होता.

*

तो लग्नसमारंभांत गायचा. त्याचा आवाज ऐकायला लोक जेवणं सोडून पुढे येत. तीही तशीच पुढे आली होती. आणि त्यानं गायलेलं पहिलं गाणं नेमकं तेच होतं, जे तिची आई तिचे केस विंचरताना म्हणायची. आईकडे एक खरखरणारा रेडिओ होता. त्या खरखरीत दुसऱ्या कडव्यातला 'सवेरा' हा शब्द आईला 'किनारा' असा ऐकू आला होता, आणि ती आयुष्यभर तसंच म्हणत राहिली. मुलीच्या तोंडीही तेच बसलं.

लग्नानंतर सुरुवातीला त्याला त्या चुकीचं हसू यायचं. नंतर हसू येईनासं झालं. तो तिला समोर उभं करायचा. "म्हण." ती म्हणायची. भीतीनं जीभ नेमकी त्याच जागी घसरायची. "पुन्हा." मग तो उठून टेपचा आवाज वाढवायचा. शेवटपर्यंत वाढवायचा. पुढे जे व्हायचं ते बाहेर कुणाला ऐकू जायचं नाही. सकाळी जिन्यात शेजारीण भेटली की म्हणायची, "काय हौशी आहात हो दोघं! आमच्या घरात मेलं गाणं म्हणून कधी लागत नाही."

आई गेल्यावर तिला जायला दुसरी जागा नव्हती. तरीही एक दिवस, तो समारंभाला गेलेला असताना, ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. दोन शहरं बदलून या लॉन्ड्रीत पोचली. गाडीभाड्यापुरते पैसे होते, नाव बदलता आलं, केस कापता आले. गाणं तेवढं मागे ठेवता आलं नाही. भाजीच्या दुकानात, दवाखान्यात, टॅक्सीत, कुठेही ते अचानक सुरू व्हायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते अजूनही तिला आवडायचं. पहिली बासरी ऐकली की आधी आईची फणी आठवायची, आणि मग लगेच दुसरं सगळं.

*

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन पुन्हा आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. निवेदकाला घबाडच मिळालं होतं. तो त्याला 'आपले शुक्रवारचे गृहस्थ' म्हणायला लागला. लोक फोन करून रडायला लागले. एका आजोबांनी सांगितलं, माझी बायको गेली त्याला फार वर्षं झाली, पण हे गाणं लागलं की ती स्वयंपाकघरात आहे असं वाटतं. मोठ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचे यजमान बोटीवर होते. एकदा गेले ते परत आलेच नाहीत. ते गाणं त्यांना तेव्हापासून स्वतःचंच वाटायचं.

अबोली त्या वेळी काहीतरी निमित्त काढून मागे वाळवणीच्या खोलीत जायची. यंत्रांच्या घरघरीत रेडिओ ऐकू येत नसे. पण बाहेर आली की चिमणी सगळं इत्थंभूत सांगायचीच.

"आज काय म्हणाला माहितीये? म्हणाला, तिला ओळखायची एक खूण आहे. ती दुसऱ्या कडव्यात 'सवेरा' म्हणतच नाही. 'किनारा' म्हणते. म्हणाला, मला त्या चुकीवर इतकं प्रेम आहे की बरोबर गाणं आता ऐकवत नाही. अशी कुणी बाई दिसली तर कळवा. किती गोड ना?"

अबोलीच्या हातातले अभ्रे खाली पडले. ती वाकून गोळा करत राहिली, बराच वेळ.

त्या दिवसापासून इस्त्रीखान्यात सगळ्या 'किनारा' म्हणायला लागल्या. आधी गंमत म्हणून, मग सवयीनं. बसमध्ये मुलं म्हणायला लागली. निवेदक स्वतः एकदा चुकला आणि हसला. फक्त अबोली कधी गुणगुणताना दिसेना. आणि मोठ्या बाईंच्या नेमकं तेच लक्षात आलं. कारण पूर्वी, कुणी बघत नाहीसं वाटलं की, ती चादरीच्या घड्या घालताना गुणगुणायची. हेच गाणं. मोठ्या बाईंनी ते एकदा मागे उभं राहून ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, पोरीचा आवाज बरा आहे, शब्द मात्र चुकवते.

*

बुधवारी सकाळी मोठ्या बाई नवी साडी नेसून आल्या. अबोलीला त्यांनी बाजूला घेतलं.

"रागावू नकोस हं," त्या म्हणाल्या, पण चेहरा आनंदानं फुललेला. "नवरा-बायकोत भांडणं होतातच. माणसानं ताणावं, पण तुटेपर्यंत नाही. मी रेडिओवाल्यांना फोन केला होता. त्यांनी त्याला कळवलंय. आज येतोय तो."

अबोलीच्या ओठांचा रंग गेला.

"अगं, इतकी घाबरतेस काय? आवाज ऐकलास ना त्याचा? किती गोड—"

"आवाज गोडच आहे," अबोली म्हणाली. "तो ऐकूनच तर मी त्याच्याबरोबर गेले होते."

आणि मग ती बोलायला लागली. सलग, खाली बघून, एकेक गोष्ट. टेपचा आवाज का वाढायचा ते सांगताना तिनं ब्लाउजची बाही वर केली. कोपराच्या वरचं हाड वाकडं जुळलेलं होतं. मोठ्या बाईंनी ते बघितलं आणि त्या हळूच स्टुलावर बसल्या.

"मला वाटलं..." त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, माझा माणूस मला असा शोधत आला असता तर..." मग त्या एकदम उठल्या. "तू मागे जा. वाळवणीत. मी बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही. चिमणे, इकडे ये. तोंड बंद ठेवायला जमेल का तुला एक दिवस?"

चिमणीनं सगळं ऐकलं होतं, इस्त्रीखान्यातल्या बाकीच्यांनीही. चिमणीनं नुसती मान हलवली. मोठ्या बाईंनी रेडिओ स्टेशनला फोन लावला, तर तिथल्या माणसानं सांगितलं, ते गृहस्थ केव्हाच निघाले. वर म्हणाला, बाई, दोन बाजू असतातच प्रत्येक गोष्टीला.

तो भर दुपारी आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं, केस नीट विंचरलेले. काउंटरशी उभा राहून त्यानं आत सगळ्यांकडे बघून नमस्कार केला.

"तुम्हीच फोन केला होता ना? तुमचे उपकार कसे फेडू," तो मोठ्या बाईंना म्हणाला. समोर ऐकताना तो आवाज रेडिओपेक्षाही चांगला वाटत होता.

"माझी चूक झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती दुसरीच कुणीतरी निघाली. गेली काम सोडून."

"असं होय." तो हसला. मुळीच चिडला नाही. त्यानं फुलं काउंटरवर ठेवली, आत वाफेकडे बघितलं, आणि गायला लागला.

तो फार मोठ्यानं गात नव्हता. पण एकेक इस्त्री आपोआप थांबली. काय माणूस आहे हे त्या सगळ्यांना आता माहीत होतं, आणि तरी अंगावर काटा आला. तो भीतीचा होता की गाण्याचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मागच्या खोलीत कुणीतरी यंत्र रिकामं करायला थांबवलं होतं. त्यामुळे दारामागे चादरींच्या ढिगाशी उभ्या असलेल्या अबोलीलाही सगळं ऐकू येत होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. आणि त्या शब्दाशी येऊन तो थांबला.

तो वाट बघत होता.

अबोलीच्या तोंडात तो शब्द तयार होता. ती चादरीत तोंड खुपसून उभी राहिली. इतकी वर्षं 'म्हण' म्हटल्यावर म्हणायची सवय झालेल्या जिभेला आवरताना तिला घाम फुटला.

"किनारा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटका आणि बेसूर होता.

"किनारा," चिमणी म्हणाली.

टेबलांपाशी आणखी कुणीतरी म्हणालं, मग आणखी एकीनं म्हटलं.

"इथे सगळ्याच तसं म्हणतात आता," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत ना रेडिओवरून. सगळं गाव म्हणतं."

पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा हललं. त्यानं पुन्हा आत नजर फिरवली. खिडकीजवळचं रिकामं टेबल, त्यावरची तशीच ठेवलेली इस्त्री, अर्धवट घडीची चादर. तिथे त्याची नजर थांबली.

"हरकत नाही," तो म्हणाला. "मी समोरच बसतो. मला काही घाई नाही."

*

रस्त्याच्या पलीकडे बसथांब्याजवळ एक बाक होता. तिथे तो बसायला लागला. शेजारच्या फळवालीनं त्याला आवाजावरून लगेच ओळखलं आणि कोण कौतुक केलं. बसला थांबलेली माणसं त्याच्याशी हात मिळवायची. "मिळाल्या का वहिनी?" असं विचारायची. तो मान खाली घालून "अजून नाही" म्हणायचा, आणि ती हळहळायची. कुणी आग्रह केला की दोन ओळी गायचा.

अबोलीला लॉन्ड्रीचे ड्रायव्हरकाका मालाच्या गाडीतून, स्वच्छ चादरींच्या गठ्ठ्यांआड बसवून मागच्या दारानं नेऊ-आणू लागले. ती मोठ्या बाईंच्या घरी झोपायची. म्हणजे पडून राहायची. ती पुन्हा शहर सोडायला निघाली होती. पण पिशवी भरताना तिच्या मनात आलं, तिथेही रेडिओ असणारच. तिथेही कुणीतरी मोठ्या बाई असतील, मायाळू, डोळ्यांना पदर लावणाऱ्या. तिनं पिशवी रिकामी केली.

शुक्रवारी दुपारी ती मालकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, मला फोन हवाय. मोठ्या बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, तिथून बाक दिसत होता. चिमणी दारात.

"नमस्कार, कोण बोलतंय?" निवेदकाचा आवाज आला.

"तुम्ही सगळे जिला शोधताय ती."

निवेदकाला एवढा आनंद झाला की त्याचे शब्दच अडखळले. "श्रोतेहो! श्रोतेहो, आज आपल्या कार्यक्रमात... ताई, बोला. ते गृहस्थ ऐकत असतील. काय सांगाल त्यांना?"

"त्याला काही नाही सांगायचं. तुम्हाला सांगायचंय," अबोली म्हणाली. "आमच्या घरात हे गाणं फार मोठ्यानं लागायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, काय हौशी जोडपं आहे. ते मोठ्यानं लागायचं ते माझं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून. माझा हात मोडला तेव्हाही हेच लागलं होतं. तो शब्द चुकला म्हणून मोडला."

"ताई, हे बघा... घरगुती गोष्टी अशा..."

"तुम्ही त्याला माझा पत्ता दिलात. तो आत्ता बाहेर बाकावर बसलाय."

खट् झालं. फोन बंद. बाहेर इस्त्रीखान्यातल्या रेडिओवर क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग निवेदकाला दुसरं काही न सुचून त्यानं तेच गाणं लावलं. बासरी सुरू झाली. कुणीतरी जाऊन कपाटावरचं बटण बंद केलं. मोठ्या बाईंचं बटण मोठ्या बाईंना न विचारता कुणी फिरवायची ती पहिलीच वेळ.

मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या. फळवालीकडेही रेडिओ होता. ती हातातलं वजन तसंच धरून त्याच्याकडे बघत होती. थांब्यावरची दोन-तीन माणसं बाजूला सरकली होती. तो उठला. शर्टाची सुरकुती नीट केली, लॉन्ड्रीच्या खिडकीकडे बघून किंचित मान लववली, जणू कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना, आणि रमतगमत निघून गेला.

त्यानंतर शुक्रवारचा तो फोन कधी आला नाही. निवेदकानं घडल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. श्रोत्यांचे फोन मात्र आले म्हणतात. काही जणींनी निवेदकाला फैलावर घेतलं. काहींनी अबोलीला. म्हणाल्या, इतकं सुंदर गाणारा माणूस असं करणारच नाही, आणि समजा केलंच असेल, तर चव्हाट्यावर कशाला आणायचं?

ती आणि मोठ्या बाई पोलिसांत गेल्या. तक्रार लिहून घेणारा अधिकारी भला माणूस होता. त्यानं पंखा त्यांच्याकडे वळवला, पाणी दिलं, सगळं नीट विचारलं. पण टाइप करता करता तो नकळत गुणगुणायला लागला, आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तेच गाणं. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या, "तेवढं थांबवा."

परत येताना मोठ्या बाई म्हणाल्या, "मी रेडिओ काढून टाकते. हे गाणं पुन्हा कानावर पडायला नको तुझ्या."

"नका काढू," अबोली म्हणाली. "तो येण्याआधी ते माझ्या आईचं होतं."

दिवस गेले. तक्रारीचं पुढे काही झालं नाही, कारण तो कुठे राहतो हेच कुणाला सापडेना. लॉन्ड्रीत हळूहळू चिवचिव परत आली. अबोलीनं चिमणीला आपलं खरं नाव सांगितलं, पण चिमणी म्हणाली, "आता फार उशीर झाला, अबोलीच बरी."

मग एका दुपारी ड्रायव्हरकाका लांबच्या एका शहरातून माल पोचवून आले आणि गाडी लावून थेट मोठ्या बाईंकडे गेले. दोघं बराच वेळ दाराशी हलक्या आवाजात बोलत राहिले. अबोलीनं ते पाहिलं आणि ती स्वतःच त्यांच्यापाशी गेली.

"सांगा," ती म्हणाली.

काकांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"जेवायला थांबलो होतो. तिथे रेडिओ लागला होता," काका म्हणाले. "तोच होता, पोरी. आवाज विसरेन का मी? गाणं मात्र दुसरं. आणि निघून गेलेली बायकोही दुसरीच. म्हणत होता, ती डावखुरी आहे, या गाण्यावर टेबलावर ताल धरते, अशी कुणी दिसली तर कळवा. खाणावळीतल्या बायका नुसत्या हळहळत होत्या."

मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं काढला नाही.

"त्या स्टेशनचा नंबर आहे का, काका?" तिनं विचारलं.

"आहे. तिथला निवेदक सारखा सांगतच असतो ना. पण आत्ता?"

"आत्ताच," अबोली म्हणाली आणि मालकांच्या खोलीकडे चालू लागली. "तिथेही कुणीतरी फोन करायच्या बेतात असेल."